सालईचा कागद, पऱ्हाटीचं लाकूड

भुसावळहून खंडव्याकडे जाणारी गाडी बऱ्हाणपूर मागे टाकते आणि सातपुड्याच्या कुशीत नेपानगर येतं. वृत्तपत्राच्या कागदाचा देशातला पहिला कारखाना इथे 1955 साली सुरू झाला. 26 एप्रिल 1956 रोजी पंडित नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला. राज्य दुसरं असलं तरी आम्हा वरणगावकडच्या माणसांना तो शेजारचाच.

कच्चा माल डोंगरातला होता, बांबू आणि सालई. सालई पानझडी झाड, लाकूड फिकट आणि हलकं, म्हणून यंत्रात दळायला सोयीचं. पण दळलेल्या लगद्यात लाकडाचं जवळजवळ सगळंच उतरतं, लिग्निनसुद्धा. विटांच्या सांध्यात चुना असावा तसं तंतूंना धरून ठेवणारं हे द्रव्य. खिडकीत राहिलेला पेपर उन्हाच्या बाजूने पिवळा पडतो, तो त्याच्यामुळेच.

पांढरा, टिकाऊ कागद हवा तर लिग्निन काढावंच लागतं. मोठ्या गिरण्या लाकडाच्या चिपा कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडमध्ये शिजवतात. लिग्निन काळ्या द्रावात उतरतं आणि बॉयलरमध्ये जळतं. वाफ मिळते, रसायनंही परत येतात. तरी लाकडाचा पाचवा-चौथा हिस्सा नुसता सरपण म्हणून जावा, हे मला पटत नाही.

दुसरी वाट अल्कोहोलची. थिओडोर क्लाइनर्ट यांनी 1930च्या दशकात तिचं पेटंट घेतलं. साधारण निम्मं इथेनॉल, निम्मं पाणी, बंद डायजेस्टर आणि दोनशे अंशांच्या आसपास उष्णता. पानझडी लाकडाला वरून आम्ल घालावं लागत नाही. शिजताना त्याच्यातूनच ॲसेटिक आम्ल सुटतं आणि तेच लिग्निनचे बंध तोडतं. मग तो गडद द्राव पाण्यात ओतला की पाणी गढूळ होतं आणि बदामी रंगाची बारीक भुकटी तळाशी बसते. अल्कोहोल उकळून परत घ्यायचं. या भुकटीत गंधक नसतं, त्यामुळे प्लायवूडच्या रेझिनमध्ये फिनॉलचा काही भाग तिने भागवता येतो.

कॅनडात न्यू ब्रन्सविक प्रांतात ‘अल्सेल’ नावाने असा प्रकल्प 1989 ते 1996 चालला. लगदा चांगला निघाला, पण उच्च दाबाची यंत्रं महाग, अल्कोहोलची गळती परवडत नाही आणि लिग्निनला बांधलेलं गिऱ्हाईक हवं. गणित तिथेच अडतं.

आपल्याकडे ते नव्याने मांडायला हवं. इथेनॉल महाराष्ट्रातले साखर कारखानेच तयार करतात. लाकडासाठी सालई तोडायची गरज नाही. कापसाची वेचणी संपली की खानदेशात बांधावर जळते ती पऱ्हाटी घडणीने पानझडी लाकडाच्याच जवळची. मुंबईच्या ‘सिरकॉट’ या कापूस संशोधन संस्थेने तिच्यापासून पार्टिकल बोर्ड करून दाखवलेच आहेत. बोर्डाला रेझिन लागतं, आणि रेझिनला लागणारं लिग्निन त्याच काडीत आहे. अडचण वाहतुकीची आहे. पऱ्हाटीने ट्रॉली भरते, पण वजन भरत नाही. म्हणून तिच्या चिपा शेतातच पाडणारं यंत्र आधी गावोगाव यायला हवं, डायजेस्टर त्यानंतर.