नुसत्या एकांच्या मूळ संख्या

फळ्यावर ११, १११, ११११, १११११ अशा संख्या लिहा आणि विचारा, यांतील मूळ संख्या कोणत्या? ११ मूळ आहे हे सगळेच सांगतील. पुढच्यांसाठी मात्र थोडा विचार करावा लागेल.

या संख्यांशी देवळालीच्या एका शिक्षकाचे नाव जोडलेले आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांनी १९३० ते १९६२ पर्यंत तेथे शाळेत शिकवले. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा १२३४३२१. अशा संख्यांना त्यांनी 'डेम्लो संख्या' म्हटले. हे नाव एका रेल्वे स्थानकाचे. ही कल्पना त्यांना तेथे सुचली होती. डेम्लो संख्येचे अवयव हवेत, तर आधी नुसत्या एकांच्या संख्येचे अवयव पाडावे लागतात.

सहा एक घ्या. त्यांचे तीन-तीनचे दोन गट पडतात: ११११११ = १११००० + १११ = १११ × १००१. म्हणजे १११ ने भाग गेला. याच रीतीने, एकांची संख्या ४, ९, १५ अशी संयुक्त असेल, तर सारखे गट पडतात आणि ती संख्या मूळ असू शकत नाही.

मग एक मोजून येणारा आकडा मूळ असला, की संख्याही मूळ? विद्यार्थी हमखास 'हो' म्हणतात. येथे थांबून पडताळा घ्यावा. १११ = ३ × ३७, १११११ = ४१ × २७१, ११११११११ मधील एक एक कमी केला तर ११११११ व १११११११ यांपैकी दुसरी, सात एकांची, = २३९ × ४६४९. विधान खरे असले, तरी त्याचा व्यत्यास खरा असेलच असे नाही. गट पाडण्याची वाट बंद झाली, इतकेच.

तरी एक खूण हाती राहते. एकांची मोजणी ३ पेक्षा मोठी मूळ संख्या असेल, तर प्रत्येक मूळ अवयवाला मोजणीच्या दुपटीने भागल्यावर बाकी १ उरते. ४१ व २७१ यांना १० ने, २३९ व ४६४९ यांना १४ ने भागून पाहा.

११ नंतरची अशी मूळ संख्या थेट १९ एकांची. तिच्यासाठी ३८ ने भागून १ उरणाऱ्या मूळ संख्याच तपासायच्या. पहिली १९१, पण वर्गमूळ १०५ कोटींच्या पुढे असल्याने यादी फार लांबते! म्हणून येथे वेगळ्या कसोट्या लागतात. ती मूळ असल्याचे १९१८ मध्ये सिद्ध झाले. त्यानंतर २३, ३१७ आणि १०३१ एक असलेल्या संख्या येतात. शेवटचीची सिद्धता १९८६ ची, म्हणजे कापरेकरांच्या निधनाच्याच वर्षाची. ४९,०८१ एकांची संख्या मूळ असल्याचे २०२२ मध्ये सिद्ध झाले. अशा मूळ संख्या अनंत आहेत का, हे अजून कोणालाही सिद्ध करता आलेले नाही.

वर्गासाठी एक काम: तेरा एकांची संख्या मूळ आहे का? २६ ने भागून १ उरणारी पहिली मूळ संख्या शोधा आणि तिने कागदावर भागाकार करून पाहा.