वेठबिगारी आणि उचलीचा गैरसमज

वेठबिगार म्हणजे कोंडून ठेवलेला मजूर, आणि ज्याने राजीखुशीने उचल (मजुरीपोटी आगाऊ घेतलेली रक्कम) घेतली तो वेठबिगार नव्हेच, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु राज्यघटनेचे कलम २३ वेठ व सक्तीचे श्रम यांना मनाई करते, आणि ही मनाई सरकारइतकीच खासगी मालकावरही बंधनकारक आहे.

तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांत लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी वारली तरुण पत्नीसह सावकाराकडे राबत असे. या लग्नगडी प्रथेविरुद्ध आणि वेठीविरुद्ध शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली १९४५ मध्ये वारल्यांनी लढा उभारला, तरीही वेठबिगार पद्धती निर्मूलनाचा देशव्यापी कायदा १९७६ मध्येच झाला, आणि इतका विलंब समर्थनीय ठरत नाही.

बँकेचा हप्ता थकला तर बँक कायदेशीर मार्गाने रक्कम वसूल करते, कर्जदाराला शाखेत झाडलोटीस लावत नाही. मजुराच्या उचलीलाही हेच तत्त्व लागू होते, किंबहुना कायदा त्याहून पुढे जातो, कारण वेठीशी जोडलेले कर्ज तो मुळातच रद्द करतो आणि ते तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी धनकोवर (कर्ज देणाऱ्यावर) टाकतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये, एशियाड क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात, उपासमारीच्या भीतीने किमान वेतनाहून कमी मजुरीत केलेले कामही सक्तीचेच ठरवले.