टाकी नव्हे, लूप!

कंट्रोल सिस्टिम्स हा विषय फक्त केटी लावण्यासाठीच सिलॅबसमध्ये ठेवलाय, असं ज्यांचं प्रामाणिक मत आहे त्यांनी हा लेख जरूर वाचावा. निगेटिव्ह फीडबॅकचं सगळ्यात झकास उदाहरण आपण रोज सोबत घेऊन फिरतो, ते म्हणजे टेस्टोस्टेरॉन.

आमच्या जिममध्ये सकाळच्या बॅचला चाळिशी ओलांडलेले बरेच काका येतात. त्यातले एक, वय ४६. मला म्हणाले, "अरे, पूर्वी शंभर किलोचा बेंच सहज मारायचो, आता ऐंशीलाच दम निघतो. एक जण सांगतोय, टाकी रिकामी झालीय, इंजेक्शन घेऊन भरून टाका. तू इंजिनिअर ना, तुला काय वाटतं?"

मी डॉक्टर नाही. पण 'टाकी' हा शब्द मात्र खटकला, म्हणून वाचायला बसलो.

मेंदूतला हायपोथॅलॅमस हा कंट्रोलर. त्याच्या सिग्नलवर पीयूषिका ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरकं सोडते. एलएच पोचलं की वृषणात टेस्टोस्टेरॉन तयार होतं. शुक्रजंतू तयार व्हायला दोन्ही लागतात. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन वाढलं की मेंदूला कळतं आणि सिग्नल कमी होतो. झाला क्लोज्ड लूप!

आता बाहेरून इंजेक्शन दिलं तर? मेंदूला वाटतं, माल भरपूर आहे. तो सिग्नल बंद करतो. कारखाना थंडावतो, वृषणं आकसतात, शुक्रजंतू अगदी शून्यावरही येऊ शकतात. म्हणजे बाहेरचं टेस्टोस्टेरॉन घरच्या उत्पादनात भर घालत नाही, त्याची जागा घेतं. इंजेक्शन थांबवल्यावर लूप पुन्हा सुरू व्हायला कित्येक महिने लागू शकतात. अजून मूल हवं असणाऱ्यानं हे आधीच समजून घ्यायला हवं.

मग स्नायू वाढतात ते खोटं का? मुळीच नाही. १९९६ साली शलेंदर भसीन यांच्या गटानं निरोगी पुरुषांना आठवड्याला ६०० मिलिग्रॅम, म्हणजे उपचाराच्या नेहमीच्या डोसच्या सहापट, टेस्टोस्टेरॉन १० आठवडे दिलं. सोबत व्यायाम करणाऱ्यांचं चरबी सोडून वजन सरासरी सहा किलोनं वाढलं. पण त्याला उपचार म्हणत नाहीत, ते ओव्हरलोडिंग!

खरा उपचार कुणासाठी? वयाबरोबर टेस्टोस्टेरॉन वर्षाला साधारण एक टक्का उतरतं, तो काही आजार नव्हे. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या २०१८ च्या नियमावलीनुसार लक्षणं हवीत आणि सकाळच्या दोन वेगवेगळ्या तपासण्यांत पातळी ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली हवी. काकांनी रक्त दिलं होतं ते संध्याकाळी, एकदाच! टेस्टोस्टेरॉन सकाळी जास्त असतं, दिवसभरात उतरतं. चुकीच्या वेळचं रीडिंग घेऊन मशीनला दोष द्यायचा, हे आपल्या लॅबमध्ये चालतं, इथे नाही.

ज्यांना खरंच गरज आहे त्यांच्यासाठी दिलासाही आहे. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या 'ट्रॅव्हर्स' चाचणीत ४५ ते ८० वयाचे, टेस्टोस्टेरॉन कमी असलेले आणि हृदयविकाराचा धोका असलेले पाच हजारांवर पुरुष होते. उपचारामुळे हार्ट अटॅक किंवा पक्षाघात वाढला नाही. मात्र हृदयाची अनियमित धडधड आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी होण्याचं प्रमाण थोडं जास्त दिसलं. रक्त घट्ट होतंय का, हेही वरचेवर बघावं लागतं. म्हणून डॉक्टरशिवाय हे काम करूच नये.

आणि झोप? शिकागोत २०११ साली तरुणांना आठवडाभर फक्त पाच तास झोपू दिलं, तर दिवसाची पातळी १० ते १५ टक्क्यांनी घसरली. सुटलेलं पोट उतरवलं तरी पातळी वर येते. काकांना मी एवढंच सांगितलं: आधी झोप, मग सकाळची तपासणी, मग एंडोक्रिनॉलॉजिस्ट.

आपल्या हॉस्टेलवरच्या विशीतल्या बॉडीबिल्डर मंडळींनो, तुमचा लूप उत्तम चालू आहे. फेस्टच्या आधी सहा आठवड्यांत दंड फुगवायला तो बंद पाडू नका. इथे एटीकेटीची खात्री नाही!