गच्चीवरचा बंब आणि सरकारची सवलत

शंभर लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ४ युनिट वीज लागते. चार-पाच माणसांच्या घराची सकाळची आंघोळ एवढ्यात उरकते. हेच काम दोन चौरस मीटरचा सपाट सौर संग्राहक दिवसभराच्या उन्हावर करतो. काळ्या लेपाच्या पत्र्याखालच्या नळ्यांत पाणी तापते, हलके होऊन वरच्या टाकीत चढते आणि टाकीतले थंड पाणी त्याची जागा घेते. लहान संयंत्राला पंपही लागत नाही.

वापरताना फुकट, पण बसवताना महाग, असा हा सौर बंब. म्हणून सरकारने मदत दिली तीही बसवण्याच्या वेळी. २००५ च्या सुमारास केंद्राच्या योजनेत घरगुती ग्राहकाला २ टक्के व्याजाने कर्ज मिळत असे. जानेवारी २०१० मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय सौर मिशनमध्ये सरकारने ठरवलेल्या किमतीच्या ३० टक्के अनुदान आले. ऑक्टोबर २०१४ पासून बंबांचे हे अनुदान बंद झाले. व्यावसायिकांना मात्र प्राप्तिकरात वाढीव घसाऱ्याची सवलत राहिली. पूर्वी ८० टक्के असलेला हा दर २०१७ पासून ४० टक्क्यांवर आला.

स्थानिक पातळीवरची मदत वेगळ्या जातीची. सौर बंब वापरणाऱ्यांना मालमत्ता करात ६ ते १० टक्के सूट देणाऱ्या महापालिकांच्या केंद्रीय यादीत अमरावती, नागपूर आणि दुर्गापूरबरोबर ठाण्याचे नाव होते. केंद्राच्या ‘सौर शहर’ कार्यक्रमात ठाणे आणि कल्याण-डोंबिवली ही दोन्ही शहरे होती. पारंपरिक ऊर्जेच्या अपेक्षित मागणीत पाच वर्षांत किमान १० टक्के घट हे त्याचे उद्दिष्ट, आणि आराखडा व तयारीसाठी प्रत्येक शहराला ५० लाख रुपयांपर्यंत मदत. शिवाय दोन्ही महापालिकांनी नव्या इमारतींना सौर बंबाची अट घातली. सवलतीपेक्षा या अटीनेच जास्त काम केले असावे, कारण सवलत घ्यायची की नाही हे रहिवासी ठरवतो. परवानगी मात्र बिल्डरला घ्यावीच लागते.

पण अट असो वा अनुदान, दोन्ही मोजतात ते गच्चीवरचे लोखंड. नळाचे गरम पाणी कुणी मोजत नाही. उंच इमारतीत हा फरक उघडा पडतो. आतून २० मिलिमीटर व्यासाच्या नळीत दर मीटरला सुमारे ०.३ लिटर पाणी मावते. गच्चीपासून ३० मीटर खाली राहणाऱ्याला गरम धार लागेपर्यंत नऊ-साडेनऊ लिटर, म्हणजे जवळपास अर्धी बादली पाणी सोडून द्यावे लागते. पाणीकपातीच्या दिवसांत हे कुणालाही परवडत नाही; मग न्हाणीघरातला गिझर चालू होतो. उपाय आहे: गरम पाणी सतत फिरते ठेवणारी परतीची नळी, छोटा पंप आणि नळ्यांवर उष्णतारोधक वेष्टण. त्याचा खर्च आधीच धरावा लागतो. भिंती झाल्यावर ते काम जिकिरीचे होते. बोअरचे पाणी असेल तर नळ्यांत क्षार बसतात, आणि पावसाळ्यात ढगाळ दिवस लागोपाठ आले की विजेच्या कॉइलवाचून गत्यंतर नसते. गरम पाणी खरेच मिळते का हे पाहायचे, तर एक मार्ग आहे: मालमत्ता करातली सूट दरवर्षी द्यायची असते. त्यामुळे ती चालू संयंत्राच्या तपासणीला जोडणे सोपे आहे. एकरकमी अनुदानात ती सोय नाही.

आता केंद्राचा पैसा उष्णतेकडून विजेकडे वळला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ‘पीएम सूर्य घर’ योजनेत घरगुती ग्राहकाला कमाल ७८,००० रुपये मिळतात, तर गृहनिर्माण सोसायटीला सामाईक वापराच्या विजेसाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये. एका किलोवॉटच्या पॅनेलला साधारण १० चौरस मीटर गच्ची लागते आणि त्यातून दिवसाला सुमारे ४ युनिट वीज मिळते. ती गिझरला दिली तर पाणी तापते तेवढेच शंभर लिटर, जागा मात्र पाचपट जाते. पॅनेलची वीज लिफ्टला आणि पाण्याच्या पंपालाही चालते, म्हणून सोसायट्यांचा ओढा तिकडे आहे. गच्ची प्रशस्त असेल तर बंब आणि पॅनेल शेजारी-शेजारी बसतात. वीस मजल्यांच्या टॉवरला मात्र घरांच्या मानाने गच्ची तोकडी असते, आणि तिथे दोहोंपैकी एकाची निवड करावी लागते.