साखर रक्तातली की बोटावरची?

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी दोन फेऱ्या मारल्या, की 'तुमची फास्टिंग किती?' हे कानावर येतेच. साखरेचे आकडे सगळ्यांना तोंडपाठ. गप्पांत आकडा चुकला तर बिघडत नाही. व्हिडिओ कॉलवर मात्र डॉक्टर त्याच आकड्यावरून गोळी वाढवतात. फोनवरच्या उपचारांत अडचण कोणती विचारले, तर लोक नेटवर्कचे नाव घेतात. मला बोटाची अडचण मोठी वाटते.

घरच्या ग्लुकोमीटरच्या पट्टीला लागणारा थेंब बहुधा एका मायक्रोलिटरहूनही लहान असतो. साखर १०० असेल, तर त्यात जेमतेम एक मायक्रोग्रॅम ग्लुकोज सापडेल. आता आपल्या नाशकाचा हंगाम आठवा. द्राक्षाच्या रसात ग्लुकोज रक्ताच्या सुमारे ७० पट असते. घड निवडून झाल्यावर बोटावर राहिलेला, डोळ्यांना न दिसणारा चिकटा पट्टीवर उतरला, की यंत्र तोही इमानदारीने मोजते. २०११ मध्ये जपानी संशोधकांनी लोकांना संत्री, द्राक्षे, किवी सोलायला लावून हे तपासले. फळे सोलल्यावर आकडे भलतेच चढले. स्पिरिटच्या बोळ्याने बोट पुसूनही चूक पुरती गेली नाही. नळाच्या पाण्याने हात धुतल्यावर गेली.

हात स्वच्छ असला तरी यंत्राला थोडी सूट असतेच. आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० च्या वरच्या मोजणीत १५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. म्हणजे खरी २०० असलेली साखर १७० किंवा २३० दिसू शकते. म्हणून एका आकड्यावर भिस्त नको. वेळेसह लिहिलेली आठवड्याची वही डॉक्टरांना जास्त उपयोगी. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणी तर घरच्या ग्लुकोमीटरवर होतच नाही.

दुसरी अडचण घरातली. एप्रिल २०२० पासून सरकारच्या ई-संजीवनी ओपीडीवर घरबसल्या मोफत सल्ला मिळू लागला. पण ओटीपी येतो मुलाच्या मोबाइलवर, आणि मुलगा अंबडच्या कंपनीत पहिल्या पाळीला. आईची शुगर, मोबाइल मुलाचा, गोळ्यांचा डबा सुनेच्या ताब्यात! डॉक्टरांनी 'सध्या कोणती गोळी चालू आहे?' विचारले, की तिघांची तीन उत्तरे.

तरीही या सोयीला नावे ठेवणे मला पटत नाही. आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३ मधील अहवालानुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. सुरगाणा-पेठच्या पाड्यांवरून दर खेपेला नाशिक गाठायचे, तर एक दिवसाची मजुरी जाते. मात्रा बदलणे, आहाराची चौकशी, औषध लिहून देणे हे फोनवर नीट होते.

पाय मात्र फोनवर तपासता येत नाहीत. तळव्याची संवेदना १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा टेकवून पाहतात, कंप कळतो का ते ट्यूनिंग फोर्कने. नसा बधिर झाल्या, की चप्पल लागल्याचेही कळत नाही. दुखत नाही म्हणून रुग्ण सांगत नाही, आणि सांगितले नाही म्हणून कॅमेरा तिकडे वळत नाही. डोळ्याच्या पडद्याचेही तेच.

तेव्हा पुढच्या कॉलआधी हात धुऊन कोरडे करा, मगच सुई टोचा. आणि वर्षातून एकदा तरी इंदिरानगरच्या बोगद्यातली वाहतूक कोंडी सोसून डॉक्टरांकडे जा, मोजे काढून पाय दाखवा.