शक्ती वाहून नेणाऱ्या शाफ्टचा अभिकल्प : कर्तन प्रतिबल आणि पिळाचा कोन

प्रस्तावना

पिठाच्या गिरणीपासून जलविद्युत केंद्रातील जनित्रापर्यंत, जेथे फिरती गती एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी न्यावयाची असते, तेथे शाफ्ट आवश्यक ठरतो. शाफ्ट दोन प्रकारे निकामी ठरू शकतो. एक तर तो तुटतो, किंवा न तुटता गरजेपेक्षा अधिक पिळला जातो. पहिला दोष डोळ्यांना दिसतो, म्हणून अभिकल्प करताना त्याचाच विचार प्राधान्याने होतो. दुसरा दोष सहसा लक्षात येत नाही आणि 'अधिक बळकट पोलाद वापरावे' हा नेहमीचा उपाय त्यावर चालत नाही. प्रस्तुत लेखात या दोन कसोट्यांमधील भेद एका उदाहरणाद्वारे स्पष्ट केला आहे.

शक्ती, फेरे आणि टॉर्क

गणिताची पहिली पायरी म्हणजे शाफ्टवर येणारे पीळ-परिबल, म्हणजेच रूढ भाषेत टॉर्क, काढणे. किलोवॅटमधील शक्तीला ९५५० ने गुणून मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांनी भागले असता न्यूटन-मीटरमधील टॉर्क मिळतो. फेरे भाजकात असल्यामुळे शक्ती तीच असली तरी वेग कमी होताच टॉर्क वाढतो. गिअरपेटीतून बाहेर पडणारा मंद शाफ्ट आत शिरणाऱ्या वेगवान शाफ्टपेक्षा जाड असतो, त्याचे कारण हेच.

प्रतिबल आणि पीळ यांची सूत्रे

फ्रेंच शास्त्रज्ञ कुलोम यांनी १७८४ साली धातूच्या तारांच्या पिळावरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. तारेला पीळ देण्यास लागणारे परिबल पिळाच्या कोनाच्या व व्यासाच्या चतुर्थ घाताच्या सम प्रमाणात, तर लांबीच्या व्यस्त प्रमाणात असते, असे त्यांना आढळले. शाफ्टचे आजचे गणितही याच संबंधावर उभे आहे.

वर्तुळाकार छेदाच्या भरीव शाफ्टमध्ये कर्तन प्रतिबल अक्षावर शून्य असते व पृष्ठभागाकडे सरळ रेषेत वाढत जाते. पृष्ठभागावरील महत्तम प्रतिबल काढण्यासाठी टॉर्कच्या १६ पटीला 'पाय' व व्यासाचा घन यांच्या गुणाकाराने भागावे. पिळाचा कोन काढण्यासाठी टॉर्क व लांबी यांच्या गुणाकाराला दृढता गुणांक व ध्रुवीय निरूढी परिबल यांच्या गुणाकाराने भागावे. हे उत्तर रेडियनमध्ये येते, अंशांत नव्हे. ध्रुवीय निरूढी परिबल व्यासाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात बदलते. म्हणून व्यास दुप्पट केला असता प्रतिबल एक-अष्टमांश, तर पीळ एक-षोडशांश होतो.

ही सूत्रे वर्तुळाकार छेदापुरतीच खरी आहेत. अन्य आकारांचे छेद पिळले असता सपाट राहत नाहीत, हे सेंट व्हेनां यांनी १८५३ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे मांडलेल्या निबंधात सिद्ध केले. आयताकृती दांड्यात महत्तम प्रतिबल अक्षापासून सर्वांत दूर असलेल्या कोपऱ्यांवर नसून लांब बाजूच्या मध्यावर असते.

उदाहरण

१५ किलोवॅट शक्ती मिनिटाला ३०० फेऱ्यांनी वाहून नेणारा शाफ्ट घेऊ. त्यावरील टॉर्क ४७७.५ न्यूटन-मीटर येतो. सौम्य पोलादासाठी अनुज्ञेय कर्तन प्रतिबल ४० मेगापास्कल धरल्यास व्यास ३९.३ मिलिमीटर, म्हणजे व्यवहारात ४० मिलिमीटर येतो. पोलादाचा दृढता गुणांक सुमारे ८० गिगापास्कल घेतल्यास या शाफ्टचा पीळ दर मीटरला १.३६ अंश होतो. सामान्य पारेषण शाफ्टसाठी पाठ्यपुस्तकांत दर मीटरला २.५ ते ३ अंशांची मर्यादा सांगितली जाते, त्यामुळे हा शाफ्ट दोन्ही कसोट्यांवर उतरतो.

आता वजन वाचविण्यासाठी ८० मेगापास्कल प्रतिबल सहन करणारे मिश्रपोलाद निवडले, तर ३२ मिलिमीटर व्यास पुरतो. त्यातील प्रतिबल सुमारे ७४ मेगापास्कल, म्हणजे मर्यादेच्या आत राहते. मात्र पीळ दर मीटरला ३.३ अंशांवर जातो. मिश्रधातूमुळे पोलादाचे बळ वाढते, पण दृढता गुणांक जवळजवळ तोच राहतो. म्हणून बळकट पोलादाचा हा बारीक शाफ्ट तुटणार नाही, परंतु पिळाच्या कसोटीवर अनुत्तीर्ण होईल.

इंजिनातील झडपांची वेळ सांभाळणाऱ्या कॅमशाफ्टसारख्या ठिकाणी ही मर्यादा दर मीटरला ०.२५ अंश इतकी काटेकोर असते. वरील टॉर्क या मर्यादेत वाहून न्यावयाचा झाल्यास सुमारे ६१ मिलिमीटर व्यास लागेल आणि त्यातील प्रतिबल जेमतेम ११ मेगापास्कल असेल. अशा वेळी व्यास बळ ठरवीत नाही, दृढता ठरविते. त्यामुळे महागड्या पोलादावरील खर्च व्यर्थ जातो.

पोकळ शाफ्ट

अक्षाजवळचे द्रव्य फारच थोडा भार घेते. बाहेरील व्यास कायम ठेवून त्याच्या निम्म्या व्यासाची पोकळी ठेवल्यास वजन २५ टक्क्यांनी घटते, तर महत्तम प्रतिबल व पीळ केवळ ६.७ टक्क्यांनी वाढतात. वाचलेले द्रव्य बाहेरील व्यास वाढविण्यास वापरल्यास त्याच वजनात अधिक दृढ शाफ्ट मिळतो.

फिरण्याचा परिणाम

वरील गणितात केवळ पीळ धरला आहे. प्रत्यक्षात पट्ट्याची ओढ व गिअरच्या दात्यांवरील बल यांमुळे शाफ्ट वाकतोही. टॉर्क स्थिर असेल तर त्यापासूनचे कर्तन प्रतिबल स्थिर राहते, पण वाकण्यामुळे पृष्ठभागावरील प्रत्येक बिंदू दर फेऱ्यात एकदा ताणला व एकदा दाबला जातो. यातूनच धातूला थकवा येतो आणि चावीची खाच किंवा व्यास एकदम बदलणारी पायरी अशा जागी तडा सुरू होतो. म्हणून नमन-परिबल व टॉर्क यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ हा समतुल्य टॉर्क मानून व्यास पुन्हा तपासतात, तसेच धक्के व खाचा यांसाठी वेगळे गुणक लावतात.

निष्कर्ष

१) प्रतिबल व पीळ या स्वतंत्र कसोट्या आहेत. दोन्हींतून येणाऱ्या व्यासांपैकी मोठा व्यास स्वीकारावा.
२) पोलादाची प्रत वाढविल्याने बळ वाढते, दृढता नव्हे. पीळ कमी करण्यासाठी व्यास वाढविणे, लांबी घटविणे किंवा फेरे वाढवून टॉर्क कमी करणे हेच मार्ग उरतात.
३) अध्यापनात शाफ्टचे उदाहरण केवळ व्यास काढून संपवू नये. त्या व्यासाला येणारा पीळ विद्यार्थ्याकडून काढून घेतल्यासच सूत्रांमागील भेद त्याच्या मनावर ठसेल.