सणासुदीला नेट केव्हा स्वस्त, केव्हा महाग?



आता वाशीम जिल्ह्यात खेडोपाडी मोबाईलवर नेट आहे. काही घरांत फायबरची तारही आली आहे. बाजारभाव, हवामान, पीक विमा, ई-पीक पाहणी ही सगळी कामे त्यावरच होतात. पण हे नेट सर्व वेळी एकाच भावात पडते असे नाही, आणि सणाच्या दिवशी तर त्याचे गणित निराळेच असते. ते ध्यानात घेतले तर घरचा पैसा वाचतो आणि मुदतीचे कामही अडत नाही.

वेळेप्रमाणे दर का, असे आपण विचाराल. आपल्या डीपीचेच पाहा ना. थ्री फेज आली की सगळ्यांनी एकदम मोटारी चालू केल्या तर व्होल्टेज उतरते, मोटार नुसती गुणगुणते. तोच एखाद्याने तास-दोन तास थांबून मोटार लावली तर पाणी भरभरून येते. टॉवरचेही तसेच. टॉवरची ताकद ठरलेली असते. ती त्या घडीला जेवढे फोन चालू असतील तेवढ्यांत वाटली जाते. रामनवमीला पोहरादेवीला लाखो भाविक एकाच ठिकाणी जमतात, तेव्हा फोन लवकर लागला नाही तर नवल नाही. गर्दीसाठी म्हणून जास्तीची यंत्रणा उभारावी लागते आणि एरवी ती रिकामी पडून राहते. म्हणून रिकाम्या वेळी सवलत द्यायची आणि गर्दीच्या वेळी ती काढून घ्यायची, ही कंपन्यांची रीत आहे. दिवाळीत एसटी काही वर्षे १० टक्के हंगामी भाडेवाढ करीत असे, त्यामागेही हाच हिशेब होता.

जुन्या मंडळींना एसटीडीचा बूथ आठवत असेल. वाशीम १९९८ साली वेगळा जिल्हा झाला, त्याच्याही आधीची ही गोष्ट. रात्री ११ नंतर पाव दर लागे, म्हणून मुंबई-पुण्याच्या पोराशी बोलायला लोक जेवणखाण आटोपून बूथवर रांग लावीत. रविवारी आणि २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तीन सुट्ट्यांना अर्धा दर असे. कचेऱ्या व पेढ्या बंद, तारा मोकळ्या, म्हणून फोन स्वस्त.

पुढे मोबाईल आले आणि नेमके उलट झाले. एसएमएसचे स्वस्त पॅक घेतलेल्यांना दिवाळी किंवा नववर्षाच्या दिवशी पॅक असूनही प्रत्येक संदेशाचे पूर्ण पैसे पडू लागले. शुभेच्छा सगळेच पाठवतात, म्हणून तेवढ्या दिवशी सवलत बंद. या दिवसांना ‘ब्लॅकआउट डे’ म्हणत. लोकांची तक्रार रास्तच होती. पॅकचे पैसे आधी घ्यायचे आणि गरजेच्या दिवशी तो चालू द्यायचा नाही, हे काही बरे नव्हे. मग ट्राय या नियामक संस्थेने बंधन घातले की असे दिवस वर्षात पाचपेक्षा जास्त नसावेत आणि ते ग्राहकाला आधी सांगावेत. १ सप्टेंबर २०१६ रोजी जिओने दर जाहीर करताना ब्लॅकआउट डे ठेवणार नाही असेच सांगितले.

तेव्हा सुट्टी म्हटली की स्वस्त, किंवा सण म्हटला की महाग, असे धरून चालू नका. लाईन त्या दिवशी मोकळी की भरलेली, यावर भाव ठरतो.

आता रात्रीच्या सवलतीचे पाहू. बीएसएनएलच्या ब्रॉडबँडला ‘होम ५००’ नावाची योजना होती, तिच्यात रात्री २ ते सकाळी ८ वापरलेले नेट मोजत नसत. व्होडाफोन-आयडियाने २०२१ पासून काही पॅकवर रात्री १२ ते सकाळी ६ अशी सूट दिली. सोमवार ते शुक्रवारचे उरलेले नेट शनिवार-रविवारी वापरता येईल, अशीही सोय दिली. मात्र इथे फक्त शनिवार-रविवार धरतात. पोळा बुधवारी आला तर कंपनीच्या लेखी तो कामाचाच दिवस, बरं का!

आणखी एक. आपला दिवस सूर्योदयाला सुरू होतो, कंपनीचा रात्री १२ ला. रोज दीड जीबीचा पॅक असेल तर उरलेला भाग बहुतेक पॅकांत १२ वाजता बुडतो आणि नवा सुरू होतो. पोरांनी सणाच्या दिवशी दुपारीच सिनेमा पाहून पॅक संपवला, तर संध्याकाळी बाजारभाव पाहायला वेगळे रिचार्ज मारावे लागते.

याचा खरा फटका बसतो तो ई-पीक पाहणीत. खरिपाच्या पाहणीचे दिवस साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात येतात, म्हणजे १५ ऑगस्ट, पोळा, गणपती यांच्याच आसपास. सोयाबीन हमीभावाने द्यायचे तर सातबाऱ्यावर पिकाची नोंद लागते. मुदतीच्या शेवटच्या दोन दिवसांत जो तो मोबाईल घेऊन बसतो आणि चक्र फिरतच राहते. त्यावर उपाय असा. पिकाचा फोटो दिवसाउजेडी शेतात उभे राहूनच काढावा. शेतात नेट नसेल तर माहिती मोबाईलमध्ये साठवून नंतर पाठवण्याची सोय अॅपमध्ये आहे. ती पहाटे, गर्दी नसताना पाठवावी आणि माहिती पोचल्याची खात्री केल्याशिवाय अॅप काढून टाकू नये. विम्याचा अर्जही मुदतीच्या आधीच्या आठवड्यात सकाळी लवकर भरावा.

विजेचे मात्र याच्या उलट आहे, गल्लत करू नका. महावितरणने १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटरच्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत युनिटमागे ८० पैशांपासून सवलत सुरू केली. सौर वीज दिवसा मुबलक असते म्हणून. शेतीपंपांना हा वेळेचा दर नाही.

रिचार्ज करताना दुकानदाराला स्पष्ट विचारावे की रात्रीची सूट आहे का, कोणत्या तासांना आहे, उरलेले नेट पुढे मिळते का आणि एखाद्या सणाला पॅक बंद असतो का. घरी फायबर घेत असाल तर महिन्याला किती जीबीनंतर वेग उतरतो तेही विचारावे, कारण तिथे बहुधा वेळेपेक्षा त्या मर्यादेवरच सगळे अवलंबून असते. दिवाळीला पोरंबाळं पुण्या-मुंबईहून घरी आली की ती लवकर संपते.